प्रश्न विचारून थांबावे

ताईच्या घरातल्या भिंतीवर पूर्वी एक पाल राहायची. दिवसातून दोनचारदा चुकचुकावं, एवढीच बिचारीची हौस. पण त्या घरात मध्ये चुकचुकायला जागा मिळेल तर शपथ! एकाचं वाक्य संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू, आणि दुसऱ्याच्या पोटात तिसऱ्याचं. पालीने बरीच वाट पाहिली आणि शेवटी कंटाळून ती शेजारी राहायला गेली. तिथे नकाशे काढणारा एक एकटा माणूस असतो. हल्ली तिचा गळा चांगला मोकळा झालाय म्हणे. विश्वास बसत नसेल तर जाऊन पालीलाच विचारा.

मी या ताईचा धाकटा भाऊ. जुन्या सामानाचे लिलाव पुकारण्यात माझा जन्म गेला, तेव्हा बडबडीच्या बाबतीत मीही काही मागे नाही. ताई मात्र झोपेतही भांडी घासणारीशी हुज्जत घालते. तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, आम्हा दोघांच्या वरताण. तिला आम्ही टकळी म्हणतो. पाळण्यात होती तेव्हाच तिने आईला अंगाई मध्येच थांबवून दुसरं कडवं बदलायला लावलं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

राहिले भावोजी. टकळीचे बाबा. ते उंच, सडपातळ आणि नेहमी नुकतेच काहीतरी बोलणार असल्यासारखे दिसतात. लग्न झाल्यापासून ते "मी काय म्हणतो..." एवढंच म्हणत आलेत. पुढचं आम्ही म्हणतो. ताई म्हणते, "खिडकी लावू का, असंच ना?" मी म्हणतो, "कपाट सरकवायचंय ना भावोजी?" टकळी म्हणते, "बाबांना चष्मा हवाय." मग कुणीतरी खिडकी लावतं, कुणीतरी कपाट सरकवतं, चष्माही मिळतो, आणि भावोजी मान हलवून गोड चहाचा पेला तोंडाला लावतात. असा सुखाचा संसार.

टकळी पदवीधर झाली आणि तिने जाहीर केलं की आपण माध्यमिक शाळेत शिक्षिका होणार. घरात आनंदीआनंद झाला. "अगं, म्हणजे दिवसभर बोलायचं आणि वर पगार!" ताई म्हणाली. मलाही वाटलं, यात शिकण्यासारखं ते काय? मासळीला कुणी पोहण्याचा वर्ग लावतं का?

पण अध्यापक महाविद्यालयाचं माहितीपत्रक आलं आणि आमचे डोळे पांढरे झाले. टकळीने ते जेवताना मोठ्याने वाचलं. आधी पदवी हवी, तीही शाळेत जो विषय शिकवायचा त्याच विषयाची. मग प्रवेश परीक्षा. मग मुलांच्या मनाचा अभ्यास, समाजाचा अभ्यास, मूल्यमापनाचा अभ्यास, आणि इतका अभ्यास का करायचा याचा एक वेगळा अभ्यास. फळ्यावर सरळ रेषेत लिहिण्याचा सराव. स्वतःच्या हातांनी बनवलेली शैक्षणिक साधनं. शाळेत जाऊन प्रत्यक्ष अनुभव. आणि या सगळ्याच्या डोक्यावर सराव पाठ, म्हणजे खऱ्या वर्गात, खऱ्या मुलांपुढे शिकवायचं, आणि मागच्या बाकावर महाविद्यालयाच्या बाई वही घेऊन बसणार. एवढं करून प्रमाणपत्र मिळालं तरी पुढे पात्रता परीक्षा उभीच.

"अरे बाप रे," मी म्हणालो, "आमच्या शाळेतल्या त्या चिमटे काढणाऱ्या मास्तरांनी हे सगळं केलं होतं?"

"मी काय म्हणतो..." भावोजी म्हणाले.

"मीठ हवंय," ताई म्हणाली आणि मीठ सरकवलं.

टकळी हुशार. लेखी परीक्षा तिने हसतहसत पार केल्या. पुठ्ठ्याचं हृदय बनवलं, ते तर इतकं हुबेहूब झालं की ताई रोज सकाळी त्याच्यावरची धूळ हळूच पुसायची, त्याला धक्का बसू नये म्हणून. गाडी अडली ती सराव पाठांशी. पाठ संपला की मार्गदर्शक बाई शेरा लिहायच्या. पहिल्या पाठावर लिहिलं, "विषयाची तयारी चांगली. प्रश्न विचारून थांबावे." दुसऱ्यावर, "आवाज स्पष्ट. प्रश्न विचारून थांबावे." त्याच्या पुढच्यावर बाईंनी कौतुकात वेळ घालवला नाही. नुसतंच "थांबावे!" आणि खाली अशी रेघ मारली की ती पलीकडच्या पानावर उमटली.

झालं होतं असं की टकळी विचारायची, "मुलांनो, लोखंडाला गंज का चढतो? कारण हवा आणि पाणी! आणि तो चढू नये म्हणून काय करतात? रंग देतात! छान, छान!" उत्तरही तिचंच आणि शाबासकीही तिलाच. नववीची मुलं तिच्यावर बेहद्द खूश. एवढे आरामाचे तास त्यांना कुणीच दिले नव्हते. पाठीमागच्या रांगेतला एक जाडसर मुलगा तर तिच्या तासाला उशाला दप्तर घ्यायचा.

मग एक दिवस मार्गदर्शक बाईंनी तिला खोलीत बोलावलं. ती घरी आली ती गप्प. आमच्या घरात कुणी गप्प बसलं की ताई आधी कपाळाला हात लावून ताप बघते.

"काय गं, काय झालं?" मी विचारलं.

"शेवटचा पाठ राहिलाय, मामा. बाहेरचे परीक्षक येणार. बाई म्हणाल्या, त्यातही हाच दोष दिसला तर त्या काही करू शकणार नाहीत. सगळं सत्र पुन्हा. आणि ती नदीकाठची शाळा माझ्यासाठी जागा धरून आहे ना, विज्ञानाची? सुट्टी संपेपर्यंतच धरणार. प्रमाणपत्र नसेल तर दुसऱ्या कुणाला तरी घेतील."

त्या शाळेवर तिचा जीव होता. प्रयोगशाळेच्या खिडकीतून पाणी दिसतं, एवढंच तिने आम्हाला इतक्यांदा सांगितलं होतं की ती खिडकी आमच्याच घराला आहे असं वाटायचं.

"मग थांब की जरा! त्यात काय एवढं?" ताई म्हणाली.

"आई, तू थांबून दाखव."

"मी? मी पाहिजे तेवढी थां..." ताई म्हणाली, आणि आपण का थांबू शकतो याची कारणं सांगायला तिने जी सुरुवात केली ती भाजी करपल्यावरच संपली.

घरी सराव सुरू झाला. टेबलाभोवती आम्ही तिघं विद्यार्थी. टकळीने विचारायचं आणि थांबायचं. तिने विचारलं, "पाण्यावर लाकूड का तरंगतं?" आणि दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. तिचा चेहरा लाल झाला, मग जांभळा झाला, कानातून वाफ निघाल्याचं मी या डोळ्यांनी पाहिलं. पण विद्यार्थीच नालायक! ताईने लाकडावरून सुताराचा विषय काढला, मी सुतारावरून त्याच्या सासऱ्याचा. भावोजी तेवढे हात वर करून बसले होते. त्यांच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

तेव्हा मी म्हटलं, "टकळे, उद्या माझ्याबरोबर लिलावाला चल."

"तिथे तर नुसता आरडाओरडा असतो!"

"तुला तसं वाटतं. ओरडण्याने माल फक्त दिसतो. विकला जातो तो गप्प बसण्याने."

ही बढाई नाही, निदान पूर्ण तरी नाही. आमच्या धंद्यात बोली अडली की काय करायचं? हातोडी वर धरायची आणि तोंड मिटायचं. "एक वार..." आणि मग काही नाही. "दोन वार..." आणि मग त्याहूनही काही नाही. ती पोकळी लोकांना सोसवत नाही. कुणीतरी खाकरतं, कुणीतरी टोपी नीट करतं, आणि कुणीतरी एक जण बोली वाढवतो. अशाच एका पोकळीत मी तीन पायांचं कपाट एका पहिलवानाला विकलंय. तो चौथ्या पायाच्या जागी स्वतः उभा राहायला तयार झाला होता.

दुसऱ्या दिवशी टकळी माझ्या मागे स्टुलावर बसून बघत होती. दुपारी ती म्हणाली, "मामा, तू गप्प असतोस तेव्हा कुणाच्याच तोंडाकडे बघत नाहीस."

"तोंडाकडे बघितलं की बोलावंसं वाटतं. पायाकडे बघायचं. ज्याच्या मनात काही आहे तो आधी पायावरचा भार बदलतो. तो बदलला की समजायचं, आलंच."

तिने ते असं मनावर घेतलं की मला पुढचा धोका दिसलाच नाही. परीक्षकांच्या आधी मार्गदर्शक बाईंनी तिचा एक पाठ रंगीत तालीम म्हणून घेतला. टकळीने प्रश्न विचारला, मुलांच्या बुटांकडे नजर लावली, आणि खरोखर थांबली. बाईंनी आशेने पेन खाली ठेवलं. आणि मग टकळीने डस्टर उचललं, वर धरलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "एक वार!"

वर्गात हशा फुटला. जाडसर मुलगा दप्तरावरून उठून बसला आणि त्याने दुसऱ्याच्या डब्यावर बोली लावली. बाईंनी शेरा लिहिला, "थांबण्याचा प्रयत्न दिसतो. वर्ग हा बाजार नव्हे."

"मनातल्या मनात म्हणायचं असतं गं ते!" मी कपाळाला हात लावला.

"तू कुठे मनातल्या मनात म्हणतोस?"

मग मी दुसऱ्या विषयावर पुष्कळ बोललो.

शेवटच्या पाठाचा विषय होता तरंगणं. साधन म्हणून टकळीला बर्फ हवा होता, आणि तो वेळेवर आणण्याची जबाबदारी माझी. सरबतवाल्याकडून मी जो तुकडा घेऊन निघालो तो गाढवाएवढा होता. रस्त्यात भेटणाऱ्यांना मी भाचीची परीक्षा आहे असं फक्त थोडक्यात सांगत गेलो, तरी शाळेच्या फाटकाशी पोचेपर्यंत तो सशाएवढा झाला आणि जिना चढेपर्यंत उंदराएवढा. टकळीने माझ्याकडे असं बघितलं की उरलेलाही वितळायचा. मला तिने दाराजवळच्या बाकावर बसवलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

मागच्या बाकावर मार्गदर्शक बाई, आणि त्यांच्या शेजारी बाहेरचे परीक्षक. त्यांचा स्वतःचा विषय इतिहास, भुवया दाट, खिशाला शाईचं पेन. चेहरा असा की कुठल्याच पाठाला आपण फसणार नाही. त्यांनी वही उघडली.

टकळीने टेबलावर कोरडा टिपकागद ठेवला, त्यावर काचेचा पेला, आणि पेल्यात बर्फाचा तो उंदीर. मग हलक्या हाताने पाणी ओतत पेला काठोकाठ भरला. बर्फाचं डोकं काठाच्या वर आलेलं.

"आता हा बर्फ वितळेल," ती म्हणाली. "मग पाणी सांडेल, खाली जाईल, की आहे तिथेच राहील? आणि का?"

आणि ती थांबली.

मी शांततेच्या जोरावर पुष्कळ माल विकलाय, पण तशी शांतता नाही पाहिली. मुलांना वाटलं, नेहमीप्रमाणे उत्तर आता समोरूनच येईल. मुलं आरामात बसून राहिली. टकळी सांगेना. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. छताचा पंखासुद्धा बिचकून हळू झाला. फळ्यावरचा खडू आपणहून झरायला लागला. शेजारच्या वर्गातले मास्तर, इथे कुणी गेलं की काय, म्हणून दारातून डोकावून गेले. टकळीची नजर बुटांवर. तिचे ओठ हलत होते, आणि ती काय म्हणतेय ते मला एकट्यालाच कळत होतं. एक वार. दोन वार.

कुठेतरी बाकाखाली एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर गेला. पण बूट मोठे होते. चांगले पॉलिश केलेले.

"सांडणार!" बाहेरचे परीक्षक म्हणाले.

सगळा वर्ग मागे वळला. परीक्षकांनी स्वतःच्या तोंडाकडे बघायचा प्रयत्न केला. मार्गदर्शक बाईंनी वहीत डोकं खुपसलं. पण आता माघार कशी घेणार? ते उठून उभेच राहिले. "उघड आहे! काठोकाठ भरलाय, त्यात वर आलेल्या बर्फाचं पाणी होणार. ते जाईल कुठे? सांडणारच!"

टकळीने मान हलवली, म्हणजे ऐकलं एवढंच. "आणखी कुणाला काय वाटतं?" ती म्हणाली. आणि पुन्हा थांबली! परीक्षकांपुढे!

एकदा मोठ्या माणसाने उडी मारली म्हटल्यावर मुलांना काय? हात वर व्हायला लागले. कुणी सांडणार म्हणालं, कुणी नाही. जाडसर मुलगा म्हणाला की त्याच्या घरी सरबताचा पेला कधीच सांडत नाही, पण त्याचं कारण तो आधीच पितो हे असावं. खिडकीजवळ बसणारी एक मुलगी होती, दोन वेण्या, वर्षभर तोंडातून शब्द नाही. ती हळूच म्हणाली, "बर्फ वर आलाय तो हलका आहे म्हणून ना? मग वितळल्यावर तो आत्ता बुडालाय तेवढ्याच जागेत मावेल."

टकळीचे डोळे लकाकले. तिच्या जिभेच्या टोकावर "शाबास, बरोबर!" आलेलं मला दाराजवळून दिसलं. तिने ते गिळलं. आवंढा घशातून खाली जाताना आवाज झाला.

"बघू या," ती म्हणाली.

सगळे टेबलाभोवती जमले. बर्फ बारीक होत चालला. आणि तेवढ्यात परीक्षक ओरडले, "बघा! कागद ओला! सांडलं की नाही?"

खरंच. पेल्याखालचा टिपकागद भिजला होता. टकळीचा चेहरा उतरला. घरी ताईच्या स्वयंपाकघरात तिने हा प्रयोग केला होता तो उघड्या टेबलावर. कागद ही आजची नवी हौस होती. ती पेल्याकडे बघत राहिली आणि मग तिला कळलं. कळलेलं मला दिसलं, कारण तिचं तोंड उघडलं. आता ती सांगणार, मला वाटलं, गेलं सगळं, सत्र, शाळा, नदीची खिडकी. मी बाकावर हाताची हातोडी करून वर धरली.

तिने तोंड मिटलं. "सर म्हणतात, कागद ओला झाला," ती म्हणाली. "कशाने झाला असेल?"

एक वार. दोन वार. तिसऱ्याला दोन वेण्या पुढे आल्या.

"पेल्याला बाहेरून घाम आलाय. सर, हात लावून बघा. ते आतलं पाणी नसेलच."

"नसेल कशावरून?" परीक्षक हट्टाला पेटले. "आतलंही पाणी, बाहेरचंही पाणी. त्यावर काय नाव लिहिलंय?"

मुलीने पेल्याकडे पाहिलं, मग परीक्षकांच्या खिशाकडे. "आतल्याला रंग देऊ या," ती म्हणाली. "सर, तुमचं पेन द्याल?"

परीक्षकांनी पेन काढलं. स्वतःच पुढे वाकले आणि निबाचं टोक पाण्याला हलकेच टेकवलं. निळा धागा पेल्यात उतरला आणि पसरला. कुणीतरी बाहेरून पेला पुसला, कुणीतरी खाली नवा कोरडा कागद सरकवला. मग सगळा वर्ग, मार्गदर्शक बाई आणि इतिहासाचे परीक्षक, जमिनीवर गुडघे टेकून, टेबलाच्या काठाला हनुवटी लावून बघत बसले. तास संपल्याची घंटा झाली. उठलं कुणी नाही. जाडसर मुलाने घंटेलाच "श्श!" केलं.

बर्फ गेला. कागद पुन्हा भिजला, पण पांढराच्या पांढरा. पाणी काठाशी जिथे होतं तिथेच, निळं, एक थेंब इकडे नाही की तिकडे नाही.

परीक्षकांनी गुडघे झटकले. "हं," ते म्हणाले. मग दोन वेण्यांकडे बघून, "तुझं बरोबर होतं." आणि वही घेऊन बाहेर गेले.

शेरा आम्हाला त्याच संध्याकाळी कळला, मार्गदर्शक बाईंनीच सांगितला. "प्रश्न विचारून उत्तम थांबतात. वर्गातील सर्वांना बोलते करतात." खाली सही, आणि सहीची शाई जरा फिकी, पाणी लागल्यासारखी.

टकळी धावतच घरी आली. ताईने दार उघडायच्या आत तिचं निम्मं अभिनंदन करून टाकलं होतं. मी बर्फ किती मोठा होता ते सांगत होतो, ताई तिला नव्या शाळेत कुठले कपडे शोभतील ते सांगत होती. भावोजी चहाचा पेला घेऊन दारात उभे होते.

"मी काय म्हणतो..." ते म्हणाले.

"पेढे आणायला..." ताई सुरू झाली. "ट्रंक माळ्यावर आहे भावोजी..." मी सुरू झालो.

"थांबा," टकळी म्हणाली. तिने आमच्याकडे असं बघितलं की आम्ही थांबलो. मग ती बाबांकडे वळली. "काय म्हणता, बाबा?"

आणि ती त्यांच्या चपलांकडे बघत उभी राहिली.

भावोजी गोंधळले. त्यांना सवय नव्हती. त्यांनी पेला एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकला. ताईचा हात मी घट्ट धरून ठेवला होता, आणि माझ्या पायावर ताईने पाय दिला होता.

"मला," भावोजी म्हणाले, "चहात साखर आवडत नाही."

ताईने तोंडावर पदर धरला. "अहो, मग इतकी वर्षं सांगितलं का नाही?"

टकळीने तिच्याकडे नुसतं बघितलं.

"आणि ते कपाट," भावोजी पुढे म्हणाले, "पहिल्याच जागी बरं होतं. आणि खिडकी मला नेहमी उघडी हवी असते. आणि लग्नात तुझा भाऊ जे बोलला होता ना, त्यावर मला असं म्हणायचं होतं..."

ते बसले. आम्हीही बसलो. टकळी पात्रता परीक्षाही उरकून नदीकाठच्या शाळेत रुजू झाली, तिच्या पहिल्या वर्गातली मुलं आता चांगली वरच्या वर्गात गेली, आणि भावोजी अजून लग्नाच्या दुसऱ्या दिवसापर्यंतच आलेत. मी अधूनमधून आत डोकावून येतो. परवा पाल परत आलेली दिसली. भिंतीवर गप्प बसून ऐकत होती.